बॉस्टनच्या विटांच्या रेषेवरून

भुयारी रेल्वेच्या स्टेट स्टेशनातून जिना चढून वर आले, तर थेट ओल्ड स्टेट हाउसच्याच पोटातून बाहेर पडले. १७१३ सालची ही विटांची बसकी इमारत आता काचेच्या टोलेजंग इमारतींनी वेढून गेली आहे. तिच्या बाल्कनीपुढे रस्त्यालगत दगडगोट्यांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७० च्या रात्री चिडलेल्या जमावावर ब्रिटिश सैनिकांनी इथे गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं गेली. त्यांतला एक होता क्रिस्पस अ‍ॅटक्स, आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा खलाशी.

मला मात्र त्या गोळीबारापेक्षा नंतरच्या खटल्याने जास्त खिळवून ठेवलं. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, याच गावातल्या, ब्रिटिश करांच्या विरोधात असलेल्या वकिलाने. आठांपैकी सहा सैनिक सुटले. दोघे मनुष्यवधाचे दोषी ठरले आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडण्यात आलं. म्हणजे १७७० पर्यंत या लोकांचा कायद्यावर भरवसा होता. ते स्वतःला इंग्रजच समजत होते आणि इंग्रजांचे हक्क मागत होते. मग पाच वर्षांत असं काय झालं, की हेच लोक ब्रिटनविरुद्ध स्वातंत्र्याच्या लढाईला उभे राहिले?

फ्रीडम ट्रेल म्हणजे फूटपाथवर आखलेली अडीच मैलांची लाल रेषा, बहुतेक ठिकाणी विटांचीच. तिच्यामागे चालत ओल्ड साउथ मीटिंग हाउसला गेले. मूळ दुखणं जुनं होतं. सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं, ब्रिटन कर्जात बुडालं आणि वसुली अमेरिकेतल्या वसाहतींकडे वळली. १७६५ मध्ये स्टँप अ‍ॅक्ट आला. वर्तमानपत्र, दस्तऐवज, अगदी पत्त्यांचा जोडही मुद्रांकित हवा. पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग कर कसला, हा सवाल तेव्हाचा. ओरड झाल्यावर कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी तुमच्यावर वाटेल तो कायदा करायचा अधिकार आम्हाला आहे, असंही पार्लमेंटने लिहून ठेवलं. खरी मेख तिथे होती.

चहाची गोष्ट आपल्याला जवळची, कारण तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. माल चिनी, कंपनी कर्जबाजारी, लंडनची गोदामं तुंबलेली. १७७३ च्या कायद्याने अमेरिकेत चहा उलट स्वस्त होणार होता! तरीही १६ डिसेंबरला या सभागृहात हजारो लोक जमले आणि त्या रात्री ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. किमतीचा प्रश्नच नव्हता. तो चहा घेतला असता तर कर लावायचा हक्कही मान्य केल्यासारखं झालं असतं.

माझ्या मते युद्ध चहाने पेटवलं नाही, शिक्षेने पेटवलं. पेट्या फेकल्या काही माणसांनी, पण जून १७७४ पासून बंद झालं अख्खं बंदर. हमाल, सुतार, कोळी सगळे बसून. वर गावसभांवरही बंधनं आली. शिक्षेने बॉस्टन एकटं पडेल असा लंडनचा हिशोब होता. झालं उलटंच. दूरच्या दक्षिण कॅरोलिनाहून तांदूळ आला, शेजारच्या कनेटिकटहून मेंढ्या आल्या. भुकेल्या गावासाठी आलेल्या त्या तांदळाबद्दल वाचताना मला भरून आलं. आज बॉस्टन, उद्या आपण, हे वसाहतींना कळून चुकलं होतं. सप्टेंबरात त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला एकत्र बसले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने गाडीने लेक्झिंग्टनला नेलं. गावातलं साधं त्रिकोणी हिरवं मैदान. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे गावच्या कॅप्टन पार्करची सत्तर-ऐंशी माणसं इथे ब्रिटिश सैन्यासमोर उभी होती. आठ जण मेले. कडेच्या बकमन टॅव्हर्नसमोर प्रिन्स एस्टाब्रुकच्या नावाचा दगड आहे. तो गुलाम होता, त्या सकाळी याच रांगेत लढून जखमी झाला. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांच्या घरी गुलाम होते, हे त्या दगडापाशी विसरता येत नाही.

"मावशी, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं गं?" भाच्याने विचारलं. सुमारे सहा आठवडे आधी, मार्चच्या सुरुवातीला, राघोबादादांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला होता. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्यातूनच उभं राहिलं.

कॉन्कर्डचा नॉर्थ ब्रिज लाकडी, कमानदार आणि अगदी लहान. खाली संथ नदी. (आताचा पूल नंतर बांधलेला आहे.) त्याच सकाळी टेकडीवर जमलेल्या शेतकऱ्यांना गावातून धूर दिसला. ब्रिटिश सैनिकांनी तोफांचे गाडे जाळले होते, यांना वाटलं गावच पेटवलं. ते पुलाकडे उतरले. ब्रिटिशांच्या गोळीने अ‍ॅक्टनचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस कोसळला आणि इकडून गोळीबाराचा हुकूम सुटला. तरीही त्याच वर्षीच्या जुलैत काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला समेटाचा अर्ज धाडला. राजाने तो हातातही घेतला नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर वर्षभराने आला.

पुलाच्या अलीकडे भिंतीलगत दोन ब्रिटिश सैनिकांची कबर आहे. कुणीतरी तिथे छोटे ब्रिटिश झेंडे खोचून ठेवले होते. एक वाऱ्याने आडवा झाला होता. भाच्याने वाकून तो सरळ केला.