चांदीचे डोळे आणि नियम 19

मी ऑडिटर. गिऱ्हाईकं म्हणजे कोल्हापुरात शाहूपुरीतले गुळाचे दोन-तीन अडते, एक पतसंस्था आणि बारा देवस्थान ट्रस्ट. देवस्थानांची फी विचारू नका, त्यात नारळ आणि प्रसाद धरला तरी पेट्रोल निघत नाही, पण वडिलांपासून चालत आलंय म्हणून करतो. बाहेरच्यांना वाटतं दानपेटी उघडली की नोटांचा ढीग. प्रत्यक्षात तेल, हळद, कुंकू लागून चिकटलेल्या दहाच्या नोटा पेपरावर वाळत घालाव्या लागतात आणि चिल्लर घ्यायला बँकवाला तयार नसतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलेली, निम्मे रस्ते बंद, ऑफिसात मी एकटाच. एक मावशी आल्या. पासष्टीच्या पुढच्या, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, पोटाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले झेरॉक्स. टेबलावर ठेवले. पन्हाळ्याकडच्या एका गावच्या देवस्थानचे माझे सहा वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. प्रत्येक पानावर धर्मादाय कार्यालयाचा, म्हणजे ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, खरी नक्कल म्हणून शिक्का.

"ही सही तुझीच न्हवं? मग सांग बाळ, ह्यात माझं डोळं कुटं हायत?"

मला आधी काही कळेना. मग त्यांनी पावती काढली. मुलाच्या डोळ्यात उसाचं पातं गेलेलं, डॉक्टरनी बुबुळाची खात्री दिली नव्हती, ह्यांनी नवस बोलला, डोळा वाचला, देवाला चांदीचे डोळे वाहिले. पावतीवर स्वच्छ लिहिलेलं, चांदीचे डोळे 1 जोड, वजन 11 ग्रॅम. देवळाच्या दारात त्या नारळ-ओटीचं सामान विकतात. ह्या जत्रेला देवाच्या अंगावर आपले डोळे दिसले नाहीत म्हणून सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले कपाटात आहेत, मग म्हणाले बघून सांगतो, मग बोलायचेच बंद झाले.

आता माझी लाज. मावशींचा भाचा सेतू केंद्रात कामाला, त्याने मावशींच्या नावाने आधी थेट देवस्थानकडेच माहिती अधिकाराचा अर्ज दिलेला. सेक्रेटरींनी तो मला व्हॉट्सॲप केला, काय उत्तर देऊ, आणि मी अर्ध्या तासात झकास ड्राफ्ट करून दिला. शिर्डी संस्थानचा 2004 चा कायदा आहे, सिद्धिविनायकचा 1980 चा, पंढरपूरचा 1973 चा, ती देवस्थानं कायद्याने चालतात, आपण फक्त 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला ट्रस्ट, सरकारचा रुपया नाही, सबब सार्वजनिक प्राधिकरण नाही, म्हणजे माहिती अधिकार आपल्याला लागू नाही. वर 2013 चा सुप्रीम कोर्टाचा थलप्पलम बँकेचा निकालपण टाकला, नुसत्या नोंदणीने सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण होत नाही असं त्यात आहे, तेच तर्कट इथं लावलं. पत्र लिहून मला स्वतःचंच कौतुक वाटलेलं. अर्ज कुणाचा, कशासाठी, हे मी वाचलंसुद्धा नव्हतं.

भाचा माझ्यापेक्षा हुशार निघाला. त्याच निकालात पुढं आहे की खाजगी संस्थेची जी माहिती सरकारी अधिकाऱ्याला दुसऱ्या कायद्याने मागवता येते ती त्या अधिकाऱ्याकडून मिळते, माहिती अधिकाराचं कलम 2(च). ट्रस्टचे रिपोर्ट दरवर्षी धर्मादायला जातातच. त्याने तिथं अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये, 46 पानांचे 92. माहिती दुसऱ्याची असेल तर त्याला आधी विचारायचं, त्या कलम 11 खाली ट्रस्टला नोटीस गेली, ट्रस्टने हरकत घेतली, तिथल्या माहिती अधिकारी बाईंनी हरकत वाचून तीस दिवसांच्या आत कागद देऊन टाकले. अशी माणसं खात्यात आहेत, कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय.

आता कागदात काय होतं. आमचा रिपोर्ट त्या 1950 च्या कायद्याच्या नियमांतल्या नियम 19 च्या प्रश्नावलीवर चालतो. हिशोब नियमित ठेवलेत का, शिल्लक रोकड जुळली का, पाच हजारांवरच्या बांधकामाला टेंडर मागवली का, धर्मादायची परवानगी लागते ते कलम 36 डावलून जमीन दिली का, आणि मधेच एक, स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर नीट ठेवलंय का. त्यापुढे माझं सहाही वर्षं एकच वाक्य, "ठेवले आहे, तथापि अद्ययावत नाही." भाच्याने सहा ठिकाणी पिवळा हायलाइटर मारलेला. आणि ताळेबंदात दागिने व चांदी 1,84,300 रुपये, सहाही वर्षं तोच आकडा, म्हणजे कागदोपत्री सहा वर्षांत देवाला कुणी चांदीची एक काडी वाहिली नाही. मी ते वाक्य दरवर्षी कॉपी-पेस्ट करत होतो, तथापि शब्द लिहिला की ऑडिटर सुटला, असा आमच्या धंद्यात समज आहे.

"तुला ठावं हुतं म्हण की," मावशी म्हणाल्या. रागाने नाही. रागाने बोलल्या असत्या तर मी काहीतरी कलम सांगितलं असतं.

रस्ते उघडल्यावर ऑडिटला गेलो ते गुजरीतला ओळखीचा सोनार काटा घेऊन सोबत. सेक्रेटरी म्हणजे रिटायर्ड मास्तर, माणूस चोर नाही हे मी शपथेवर सांगेन, पण देवाच्या वस्तूची नोंद करणं म्हणजे देवावर संशय घेणं असं त्यांना मनापासून वाटतं आणि ह्या माणसाला काय समजावणार. कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. सतरंजीवर उपडा केला. डोळे, पाळणे, पावलं, एक हात, एक गायपण. नुसत्या डोळ्यांच्या 58 जोड्या, सगळे आमच्याकडे बघतायत. रजिस्टरला जोड्यांच्या नोंदी 14.

दुपारभर एकेक जोड काट्यावर. बहुतेक पातळ पत्रा, दोन ग्रॅम, तीन ग्रॅम, सगळ्यात जड आठ. अकराची एकही नाही. सोनार म्हणाला एवढी जड जोड असती तर आधी हातालाच लागली असती. मग मास्तर हळूच बोलले की मधे प्रभावळ दुरुस्त केली तेव्हा थोडी चांदी वितळवून घातली. किती? अंदाजे. ठराव? तोंडी. वजनाची चिठ्ठी? "अहो देवाचंच देवाला घातलं की." म्हणजे मावशींचे डोळे बहुतेक मूर्तीमागे प्रभावळीतच आहेत, किंवा नाहीत, किंवा पावतीवर वजनच चुकलेलं, सांगता येत नाही. सहा वर्षांपूर्वी मी डबा उघडायला लावला असता तर सांगता आलं असतं.

त्या वर्षीच्या रिपोर्टला यादी जोडली, 58 जोड्या वजनासकट, बाकीच्या वस्तू, 44 जोड्या रजिस्टरबाह्य, आणि पावती असलेली एक जोड 11 ग्रॅम, वस्तू आढळली नाही. प्रभावळीचं वेगळं, मुद्देवार. 28 सप्टेंबरला दाखल केला. ट्रस्टींनी पुढच्या वर्षी ऑडिटर बदलायचं बोलून ठेवलंय असं कानावर आलं.

ऑक्टोबरात मावशी परत. "ह्या सालचं काढायचं हाय. भाचा पुण्याला गेला. अर्ज तूच लिव्ह."

रिपोर्टची कॉपी माझ्या उजव्या हाताला, ड्रॉवरमध्ये. पण क्लायंटचा कागद तिऱ्हाइताला देता येत नाही, आमची आचारसंहिता आहे, आणि इतक्या वर्षांत मी पाळलेली बहुधा तेवढीच एक. तिकडं ऑफिसात गेलात तर माहिती अधिकाऱ्यानेच अर्ज लिहायला मदत करायची असते, कायद्यात आहे तसं, असं मी म्हणालो. त्या हलल्या नाहीत.

जोडपत्र 'अ' घेतलं. विषय एकच हवा, शब्द 150 च्या आत, माझे 38 झाले. वाचून दाखवलं.

"डोळ्याचं आलं न्हवं त्यात?"

"रिपोर्टात आहे मावशी."

अंगठ्याला शाईचं पॅड शोधलं तर ऑफिसात एकच निघालं, माझ्या सहीखाली शिक्का मारायचं. तेच पुढं केलं.