तुम्ही विचारलंत म्हणून : रेडिओ का सोडला?

इंदूरच्या रामबागेत, सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला, कुणाच्या मुंजीत, जो भेटतो तो विचारतो, "ताई, एवढा चांगला आवाज, मग रेडिओ सोडून मास्तरकी का धरलीत?" विचारताना उत्तरही मनाशी ठरलेलं असतं. जमलं नसेल, नाहीतर पगारासाठी गेली असेल.

पगाराचं आधी सांगते, कारण ते खरं आहे. करारावर काम करताना महिन्यात किती ड्युट्या लागतील ते महिना उजाडल्याशिवाय कळत नसे. कॉलेजचे पैसे एक तारखेला येतात आणि आईचं औषधपाणी त्यावर चालतं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण तेवढंच कारण धरून कुणी मान डोलावली की मला राग येतो.

मुळात मी सोडला तो रेडिओ कोणता? रेडिओ मिरचीचं पहिलं स्टेशन २००१ साली आपल्या इंदूरात सुरू झालं, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी तेव्हा नव्हती, आजही नाही. २०११च्या धोरणाने आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायची मुभा दिली, एवढंच. रहदारी सांगा, हवामान सांगा, परीक्षेचे निकाल सांगा. मिल का बंद पडली ते स्वतःच्या बातमीत सांगता येत नाही. रेडिओवर बातमीदारी करायची तर एकच दार होतं, आकाशवाणीचं, आणि तिथे कायमची जागा निघत नव्हती. म्हणून पॉडकास्टची संधी आली तेव्हा मी मागेपुढे पाहिलं नाही.

बाहेरगावच्या एका कंपनीसाठी मी इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांवर मालिका केली. परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, एक आजोबा भेटले, साचेखात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे. साच्यांच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे मी प्रश्न ओरडून विचारायचे आणि ते माझ्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे. म्हणाले, "धागा तुटला की डोळ्याआधी कानाला कळायचं." मग खाटेच्या लाकडावर बोटांनी साच्याचा ठेका धरला. आजी समोर येऊन म्हणाल्या, "एवढं जोरात नाही हो, घरी येऊन असंच ताटावर वाजवायचात तेव्हा सावकाश होतं." त्यांनी ठेका सावकाश केला. मालिकेतला माझा सगळ्यात आवडता तुकडा तोच.

मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. थकबाकीच्या २२४ कोटींचा धनादेश मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर आजोबा गेले होते. पैसे आल्यावर मुलाचा फोन आला. म्हणाला, बाबांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. तेवढं रेकॉर्डिंग पाठवा.

कंपनीने पॉडकास्टचं काम गुंडाळलं होतं. मालिका सगळ्या ॲपवरून उतरवली होती. करारात लिहिलेलं होतं की रेकॉर्डिंग कंपनीचं, मूळ फाइली जमा करायच्या आणि स्वतःकडे काही ठेवायचं नाही. मी तसंच केलं होतं. सही केली नसती तर मालिकाच झाली नसती, हे मी आजही ठामपणे म्हणते. कंपनीला लिहिलं, तेव्हा कराराचा क्रमांक मागणारं एक उत्तर आलं. त्यानंतर काहीच आलं नाही. मुलाने पुन्हा फोन केला, "ताई, जरासा तुकडा तरी?" त्या रात्री मी जेवले नाही.

त्यानंतर कॉलेजमधून विचारणा झाली आणि मी हो म्हणाले. कारण विचारता ना, ते हे.

तरुणपणी मी सगळ्यांना सांगत असे की रेडिओचं बोलणं बोलून हवेत जातं, तीच त्याची शान. आकाशवाणी इंदूरवर नंदाजी-भेराजी ही जोडी मालवी बोलीत बोलायची, ते कुणी जपून ठेवलं म्हणून का लोकांच्या लक्षात राहिलं? तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीशी मी अजून वाद घालते. आजोबांचा ठेका ज्यांनी ऐकला त्यांनी ऐकला, तेवढ्यावर भागतं, असं ती म्हणते. तिला खोडून काढणारं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त त्या मुलाचा फोन आहे.

वर्गात मी माइक तोंडापासून वीतभर धरायला शिकवते. २२४ कोटी कानाला कळत नाहीत, सुमारे ४८०० कामगारांत वाटले तर एका घराला पावणेपाच लाखांच्या आतबाहेर, असं सांगायला शिकवते. पण सगळ्यात जास्त वेळ करारावर जातो: फाइलच्या प्रती कुठे ठेवायच्या, बोलणाऱ्याच्या घरच्यांना प्रत मिळण्याचं कलम कसं मागायचं. मुलं विचारतात, "मॅम, कलम मागितलं तर काम मिळेल का?" बऱ्याचदा मिळणार नाही, हे मला माहीत आहे, आणि मी ते लपवत नाही.

बडवानीकडच्या एका विद्यार्थिनीने ते कलम मागितलं. समोरच्यांनी नकार दिला. ती करार घेऊन माझ्याकडे आली, आम्ही दोघींनी तो ओळ न ओळ वाचला. सही करू नकोस, असं मी म्हणाले नाही. तिने सही केली. तिची मालिका सध्या ऐकायला मिळते, चांगली आहे.