उसांबारातले आठ महिने: यादी १३४, शिंपी १

मागची नोंद लिहिली तेव्हा माझी पक्ष्यांची यादी ४१ वर अडकली होती. त्यातले निम्मे पक्षी टांझानियातल्या टांगा शहरात, ऑफिसच्या गच्चीवरून पाहिलेले, आणि पहिला नंबर गावकावळ्याचा. हो, आपलाच गावकावळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला भारतातून झांझिबारला आणलं, तिथून तो सगळ्या किनाऱ्यावर पसरला आणि आता इथल्या छोट्या पक्ष्यांची घरटी लुटतो. ऑफिसातले लोक आधी त्याच्याकडे बोट दाखवतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी काय बोलणार?

आज यादी १३४. सेरेंगेटीत जीपमधून फिरणारे एवढे पक्षी दोन-तीन दिवसांत उरकत असतील. पण माझे बहुतेक एकाच डोंगरातले आहेत, पायी फिरून मिळालेले, आणि बरेचसे डोळ्यांच्या आधी कानांना सापडलेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी जागा सांगतो. केनियातल्या टैटा टेकड्यांपासून दक्षिण टांझानियातल्या उडझुंग्वापर्यंत तेरा डोंगरसमूहांची एक तुटक माळ आहे, तिला पूर्व कमान म्हणतात. किलिमांजारोसारखे हे ज्वालामुखी नव्हेत. खडक फार जुना आणि समोर हिंदी महासागर. समुद्रावरून येणारं बाष्प हे डोंगर अडवतात, म्हणून आफ्रिकेत इतरत्र दुष्काळी काळ आले-गेले तरी इथलं रान ओलं राहिलं. खालचं मैदान कोरडं, त्यामुळे प्रत्येक डोंगर बेटासारखा. एका डोंगरावरचा पक्षी शेजारच्या डोंगरावर असेलच असं नाही. उसांबाराचे दोन भाग, पूर्व आणि पश्चिम, मध्ये ल्वेन्गेरा नदीचं खोरं. माझी सगळी भटकंती पूर्व भागात, अमानीच्या रानात आणि पायथ्याशी.

नोव्हेंबर-डिसेंबर

शनिवारी पहाटेच्या बसने मुहेझा, तिथून मिळेल त्या वाहनाने वर. मुहेझा म्हणजे संत्र्यांचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग लागलेले असतात आणि त्यांची सालं अजून हिरवीच असतात. बागा संपल्या की मातीचा रस्ता चढायला लागतो, पायथ्याच्या सिगीला उंची साधारण साडेचारशे मीटर, वर अमानीला नऊशेच्या पुढे. आंबोलीचा घाट चढताना मध्येच हवा बदलते ना, अगदी तसं.

वाटाड्या एक साठीचे गृहस्थ. सगळे त्यांना मझे म्हणतात, म्हणजे वडीलधारे. मीही मझेच म्हणतो. ते मला 'काका' म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं केस पिकलेत म्हणून मान देताहेत. नंतर कळलं, स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. आणि दादा म्हणजे बहीण! चहाच्या टपरीवरच्या बाईंना ते 'दादा' अशी हाक मारतात तेव्हा अजूनही माझी मान दुसरीकडेच वळते. पक्ष्याला शब्द 'न्डेगे', आणि विमानालाही 'न्डेगे'च. आई फोनवर विचारते, न्डेगे दिसला का, तेव्हा तिला कोणता अभिप्रेत आहे हे मी विचारत नाही.

पहिले दोन महिने मी चुकीचं पक्षीनिरीक्षण करत होतो. माझा हिशेब साधा होता: रान जितकं दाट आणि जितकं आत, तितके पक्षी चांगले. म्हणून मझेंना ओढत आत आत न्यायचो. आत काय? तीस-तीस मीटरचे बुंधे, डोक्यावर पानांचं छप्पर, आणि छपरावर कुठेतरी शिंजीर. अमानी शिंजीर आणि पट्टेवाला हिरवा शिंजीर हे दोन्ही इथले मानाचे पक्षी, आणि दोन्ही तिथेच वर. नराच्या छातीवरचा तो बारीक लाल पट्टा पाहायला मी चार फेऱ्या मान मोडून घेतली. कोकणात जास्वंदीवर हाताच्या अंतरावर बसणारा शिंजीर मी इतकी वर्षं फुकट पाहत आलो होतो.

हिरव्या बुलबुलांबद्दल तर बोलायलाच नको. आपल्याकडे बुलबुल म्हणजे तारेवर बसून 'हा मी' म्हणणारा सरळमार्गी पक्षी. इथे पाच-सहा जातींचे बुलबुल, सगळे मळकट शेवाळी, सगळे वेलींच्या जाळीत, आणि फरक काय तर गालावरच्या रेघा. डायरीत 'बुलबुल, कोणतातरी' अशा अकरा नोंदी आहेत. त्या मी यादीत धरलेल्या नाहीत.

डिसेंबरातली एक नोंद मात्र जपून ठेवणार. पाऊस नुकताच थांबला होता, बागांवर वाळवीचे पंख फुटलेले किडे उठले होते आणि त्यांच्यावर तीसेक अमूर ससाणे. सैबेरिया-चीनकडून निघायचं, नागालँडवर थांबायचं, भारत ओलांडून अरबी समुद्र पार करायचा आणि आफ्रिकेत दक्षिणेकडे उतरत जायचं, असा त्यांचा प्रवास. नोव्हेंबरात लोणावळ्याला त्यांच्यासाठी उभे राहणारे आपले मित्र आठवले. ससाणे तेच असतील असं नाही, पण वाट तीच.

फेब्रुवारी: मुंग्या

सिगीच्या खालच्या रानात मझे एकदम थांबले आणि म्हणाले, 'सियाफू.' मला वाटलं पक्ष्याचं नाव. मी पुढे झालो.

सियाफू म्हणजे लष्करी मुंग्या. मनगटाएवढ्या रुंदीची काळी तांबूस दोरी पालापाचोळ्यातून वाहत होती आणि पुढे जाऊन चटईसारखी पसरत होती. त्या चटईपुढे कोळी, झुरळं, नाकतोडे जीव घेऊन पळत होते. आणि जिथे किडे पळतात तिथे जेवायला कोण येतं? लाल शेपटीचा मुंगी-कस्तुर. दोन होते. जमिनीपासून हातभर उंचीवरच्या काटकीवर एकजण बसलेला, विटकरी अंग, शेपूट सावकाश वरखाली. झप करून खाली, किडा उचलला, परत त्याच काटकीवर. मुंग्या पायाला लागू नयेत म्हणून तो जमिनीवर क्षणभरही रेंगाळत नव्हता. मी मात्र रेंगाळलो. दुर्बिणीतून डोळा काढावासा वाटेना आणि तोवर चटई माझ्या बुटांवरून पँटच्या आत गेली होती. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की पँट काढताना ती काटेरी वेलीत अडकून गुडघ्यापासून खाली फाटली, आणि त्या सगळ्या गोंधळात कस्तुर जागचे हलले नाहीत.

धडा घेतला: विजार मोज्यात खोचायची. आणि पुढे जाण्याआधी शब्दाचा अर्थ विचारायचा.

मार्च-एप्रिल-मे

मोठा पाऊस. रस्त्याचा चिखल, दोन फेऱ्या मुहेझातूनच परत. यादीत भर शून्य. मग घरी बसून पक्ष्यांचे आवाज पाठ केले आणि इथल्या पक्ष्यांचा अभ्यास करून गेलेल्या मोरोबद्दल वाचलं.

रेजिनाल्ड मोरो १९२८ साली इजिप्तहून अमानीला आला. अमानीत जर्मनांनी १९०२ मध्ये शेती-जीवशास्त्राची संस्था आणि वनस्पती उद्यान उभारलं होतं. पुढे ती इंग्रजांकडे आली. मोरोचं शिक्षण पक्षीशास्त्राचं नव्हतं. कैरोत तो लष्कराच्या हिशेबतपासणी खात्यात होता. हे वाचल्यापासून मला ऑफिसातलं महिनाअखेरीचं हिशेबाचं क्लोजिंग थोडं कमी जड जातं. १९४६ पर्यंत तो इथे राहिला आणि सलिमू अस्मानी या स्थानिक जाणकाराच्या मदतीने त्याने इथल्या पक्ष्यांची घरटी, विणीचे हंगाम, खाणंपिणं असं बारीक काम केलं. उलुगुरू डोंगरात मिळालेल्या एका वटवट्याला त्याने १९३८ मध्ये बायकोचं, विनिफ्रेडचं, नाव दिलं. आणि त्याचं स्वतःचं नाव ज्याला मिळालं, १९३१ मध्ये, तो पक्षी म्हणजे अमानीचा लांब चोचीचा शिंपी.

माझ्या जुन्या फील्ड गाइडात तो शिंपी आहे. नव्या याद्यांत त्याचं 'वनवटवट्या' असं बारसं झालंय, कारण आपल्या अंगणातल्या, पानं शिवणाऱ्या शिंप्याशी त्याचं नातं तितकं जवळचं नाही. असू दे. मी शिंपीच म्हणणार. जगात तो दोनच ठिकाणी आहे: इथे, आणि इथून नऊशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला मोझांबिकमधल्या न्जेसी पठारावर. मधल्या डोंगरांत नाही.

याच काळात नव्या याद्यांनी माझं आणखी एक नुकसान केलं. जानेवारीत रात्री ऐकलेलं उसांबाराचं गरुड-घुबड, ज्याच्या घुमण्यावर मी खूश होतो, ते आता स्वतंत्र जात धरत नाहीत. फ्रेझरच्या घुबडाची उपजात. आकडा तोच राहिला, पण 'फक्त इथेच' या रकान्यातून एक गेला.

जून

जूनपर्यंत दक्षिणेकडच्या वाऱ्याने जोर धरलेला असतो, त्याला इथे कुसी म्हणतात. हाच वारा विषुववृत्त ओलांडून वळतो आणि कोकणात पाऊस घेऊन उतरतो. घरून 'लागला रे पाऊस' असा फोन आला की मला उगाच वाटतं, इथून आम्हीच पाठवला.

वर थंडी असते, म्हणून उंचावरचे काही पक्षी या दिवसांत पायथ्याकडे सरकतात. पण मला त्यांच्यात रस नव्हता, मला शिंपी हवा होता. मझे म्हणाले, आत नाही जायचं. चहाच्या मळ्याच्या मागे चल. मी नाराज. चहाचा मळा म्हणजे काय रान आहे?

वाटेत रुपेरी गालाचे धनेश. सहा-सात, डोक्यावरून गेले तेव्हा पंखांचा तोच भात्यासारखा आवाज जो देवरुखकडच्या देवराईत ऐकलाय. मी हात जोडायच्या बेतात. आपल्याकडे धनेशाला रानाचा शेतकरी म्हणतो, बी पेरणारा. मझेंनी ते ज्या झाडावर बसले ते दाखवलं: मेसोप्सिस. हे मूळचं इथलं नाही, जर्मन राजवटीत अमानीत लावलेलं. झपाट्याने वाढतं, लाकूडतोडीने मोकळ्या झालेल्या जागा पटकावतं, आणि त्याची फळं धनेशाला फार आवडतात. म्हणजे हा शेतकरी इथे तण पेरतो. धनेशाचा दोष नाही, समोर वाढलं ते तो खातो. पण देवराईत शिकलेलं वाक्य मी इतकी वर्षं न तपासता वापरत होतो, एवढं कळलं.

मळ्याच्या कडेला एक मोठं झाड कधीतरी पडलेलं. त्याने जाताना छपराला भोक पाडलं होतं, त्यातून ऊन खाली आलं होतं आणि उन्हामागे वेली. पडलेल्या खोडावर, शेजारच्या झाडांवर, सगळीकडे वेलींची गुंतवळ, गोधडी वाळत टाकल्यासारखी लोंबणारी. मी एकटा असतो तर दुर्बीण न उचलता पुढे गेलो असतो.

'सिकिलिझा,' मझे म्हणाले. ऐक.

टणक, धातूवर टोकरल्यासारखा एकच सूर, पुन्हा पुन्हा, घाई न करता. मे महिनाभर रेकॉर्डिंग लावून शेजाऱ्यांना वैताग दिला होता तोच. प्लेबॅक लावायचा मोह झाला, पण संख्याच इतकी कमी असलेल्या पक्ष्याला खोटा शेजारी ऐकवून दमवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. उभे राहिलो. वीस मिनिटं, पंचवीस. आवाज वेलीत डावीकडून उजवीकडे सरकला, वर गेला, थांबला.

मग एक वाळकं पान हललं आणि त्यामागून तो आला. राखाडी. खरंच सांगतो, शोभेचं काही नाही. छोटं राखाडी अंग, उभारलेली शेपटी, आणि चेहऱ्याला न शोभणारी लांब सरळ चोच. ती त्याने गुंडाळी झालेल्या वाळक्या पानात घातली, एकदा, दोनदा, काहीतरी ओढून काढलं, गिळलं. चोच वेलीवर दोन्ही बाजूंनी पुसली. गेला. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. फोटो नाही. कॅमेरा गळ्यात होता, हात दुर्बिणीला.

परतताना मझेंनी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी सांगितलं, शिंपी, कपडे शिवणारा, 'फुंडी चेरेहानी'. ते रस्त्यातच थांबून हसले आणि माझ्या पँटकडे बघितलं. फेब्रुवारीत फाटलेली तीच, गुडघ्याखाली मी स्वतः घातलेले टाके. म्हणाले, काका, मुहेझात बाजाराच्या मागे एक चांगला फुंडी आहे, पण चारला मशीन झाकून ठेवतो, चल लवकर.

पुढची फेरी ऑगस्टमध्ये, पश्चिम उसांबारात. मोम्बोहून लुशोटो, मग मगांबाचं रान. उसांबारा अकालात (एक छोटा रानपक्षी) आणि उसांबारा सुगरण ही दोन नावं यादीच्या वर लिहून ठेवली आहेत. कोणाकडे अकालातचं स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. आणि गुडघ्याच्या वर येणारे मोजे कुठे मिळतात तेही.