‘मदत करत होते’ असं लिहू नका

सुट्टीला कोल्हापुरात आलेय. परवा संध्याकाळी रंकाळ्यावर जुनी मैत्रीण भेटली. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये होतो. ती आता 48 वर्षांची आहे आणि अजून तिथंच आहे. तिच्या मागून आलेली दोन मुलं आज तिचे साहेब आहेत. बढतीचा विषय काढला तर म्हणाली, “आता या वयात काय मागायचं गं?” भेळेचा कागद तिच्या हातात तसाच राहिला. तिचं ते वाक्य ऐकून मला जर्मनीतली माझीच पहिली दोन वर्षं आठवली.

2019 च्या महापुराचं पाणी ओसरलं आणि महिन्याभरात आम्ही जर्मनीला गेलो. नवऱ्याची नोकरी स्टुटगार्टजवळ. मी 43 वर्षांची, शिवाजी विद्यापीठाची केमिस्ट्रीची पदवी आणि फाउंड्रीतली 14 वर्षं गाठीला. पण तिथं बेकरीत पाव मागताना मागं रांग वाढली की मला घाम फुटायचा. डॉक्टरची वेळ घ्यायला मुलगी फोन करायची. इथं मोल्डिंग शॉपमधल्या पंचवीस-तीस पुरुषांसमोर “ही वाळू वापरायची नाही” असं मी ठणकावून सांगत होते, ती बाई कुठं गेली तेच कळेना.

जर्मन शिकायला ‘फोल्क्सहोखशूल’ला जाऊ लागले. गावोगावी असलेली ही सरकारी मदतीवर चालणारी प्रौढांची शाळा आहे, तिथं कुणी वय विचारत नाही. पहिला धीर मला मराठीनंच दिला. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून वर्गातले बाकीचे हैराण, आणि मी जन्मापासून तो-ती-ते करत आलेली! (त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे, तिथं मात्र मीही अडखळले.) चोवीस म्हणताना ते चार आधी आणि वीस नंतर म्हणतात. आपणही तेच करतो, कधी लक्षात येत नाही इतकंच. बी-वनची, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा येते हे दाखवणारी परीक्षा पास व्हायला मला दोन वर्षं लागली.

मग अर्ज. बायोडेटात मी लिहिलं होतं, ‘प्रयोगशाळेत मदत’. तिकडं जुन्या नोकरीच्या दाखल्याला फार मान असतो. काम सोडताना लेखी दाखला मिळणं हा तिथल्या नोकरदाराचा कायद्यानं हक्क आहे, आणि त्यात तुम्ही नेमकं काय काय करत होता ते सविस्तर असतं. आपल्याकडचा दोन ओळींचा ‘अमुक ते अमुक काळ कामावर होत्या’ तिथं चालत नाही. म्हणून मी आमच्या जुन्या मालकांना फोन केला आणि काय लिहायचं ते वाचून दाखवलं. ते एकदम म्हणाले, “मदतनीस होतासा व्हय तुम्ही? ब्लो होलनी निम्मा माल परत आलता, तवा वाळूत पाणी जास्त हाय हे कुणी काढलं शोधून? लिवा की तसं!” (ब्लो होल म्हणजे ओतलेल्या धातूत वायूमुळं राहणारी पोकळी.)

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. मग लिहायला घेतलं. ओलावा, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती), कोळशाची भुकटी, किती टक्के, दिवसातून किती चाचण्या, कुठला दोष कशामुळं सापडला. दीड पान भरलं. ते सगळं माझंच होतं, मी चौदा वर्षं त्याला मदत म्हणत होते.

मुलाखत एका फाउंड्रीत, जून महिन्यात. ऑफिसातल्या प्रश्नांना मी तोडकीमोडकी उत्तरं दिली. मग फोरमननं शॉपमध्ये नेलं. पट्ट्यावरून वाळू येत होती. सवयीनं मूठभर उचलली, दाबली. बोटांचे ठसे नीट उमटले, पण गोळा मधोमध मोडला तर कडा भुसभुशीत सुटल्या, आणि तळहाताला ऊब लागली. वाळू गरम असली की पाणी वाटेतच उडून जातं, साचा कोरडा पडतो. कोल्हापुरात मे महिन्यात आम्ही हेच भोगायचो. मी म्हटलं, “सांट त्सू हाइस.” वाळू फार गरम. व्याकरण चुकलं होतं. पण तो थांबला, त्यानंही मूठ भरून पाहिली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघं फक्त वाळूबद्दल बोललो. मला शब्द सापडला नाही की तो थांबायचा.

त्या नोकरीला आता काही वर्षं झाली. येत्या वर्षी पन्नाशी, आणि मी फाउंड्रीतल्या ‘माइस्टर’ परीक्षेच्या, म्हणजे त्या कामातल्या उस्तादाच्या परीक्षेच्या, तयारीला लागतेय. त्यासाठी तिथं सरकारी मदत मिळते. कोर्स आणि परीक्षेच्या फीचा निम्मा भाग परत करावा लागत नाही, उरलेल्याला स्वस्त कर्ज, आणि वयाची अट नाही. ही अट नसणं मला त्या पैशापेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडं ती कागदावर नसली तरी सासर, माहेर, शेजार सगळे मिळून घालतात, आणि शेवटी आपण स्वतःच घालून घेतो. याचा मला खरंच राग येतो.

काल मैत्रिणीला घरी बोलावलं. चहा ठेवला, तिच्यापुढं वही सरकवली. म्हटलं, साहेबांकडं जायच्या आधी तू काय करतेस ते लिही. तिनं लिहिलं, ‘वाळूची चाचणी करते’.

“त्या दोन मुलांना चाचणी कुणी शिकवली?”

तिनं वर बघितलं. मग पेन घेऊन त्याच ओळीच्या खाली लिहू लागली.