सप्रेम भेंट

परवा दुपारी जेवणं आटोपून जरा पडावं म्हणून पंखा फुल केला आणि तेवढ्यात भाची आली, गळ्यात नवा कॅमेरा. नवा म्हणजे जुनाच, सेकंडहँड, पण तिच्यासाठी नवा. आणि त्या बिचाऱ्याचं काय करून ठेवलं होतं तिने! कंपनीच्या नावावर काळी टेप, मोड डायलवर तिला लागतं त्या अक्षरापाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका, बुडाला पोहे-जलेबीचं स्टिकर आणि त्याखाली ‘भिया राम’, म्हणजे आमचा इंदूरी रामराम. मी पाणी विचारायच्या आधी म्हटलं, अगं, विकताना काय करशील?

ती म्हणाली, मावशी, परवाच तर घेतलाय.

आता यावर काय बोलणार. पण माझं डोकं तसंच चालतं त्याला इलाज नाही. वस्तू घरात आली की मला तिचा पुढचा मालक दिसायला लागतो. चेहरा नाही त्याला, पण भारी चिकित्सक माणूस आहे. त्याला खोका हवा, खोक्यातला पुठ्ठ्याचा ट्रे हवा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का हवा, केबल त्या बारीक तारेने बांधलेली तश्शीच हवी. बिलसुद्धा हवं, आणि थर्मल कागदावरची अक्षरं उडतात म्हणून मी बिलाची झेरॉक्स काढून त्याच खोक्यात ठेवते, त्याच्यासाठी. स्क्रीनवर काच लावली ती त्याच्यासाठी. लेन्सवर फिल्टर त्याच्यासाठी. इतकी वर्षं हा माणूस आमच्या घरात राहतोय, आमचे हे म्हणतात त्याचं नाव रेशन कार्डात घालून टाक.

माझी निकॉन डी 750 आहे, 2014 चं मॉडेल. तिच्यासोबत जो काळा-पिवळा पट्टा आला होता तो अजून प्लास्टिकमध्ये आहे, कधी गळ्यात घातलाच नाही. एक तर ती मोठी पिवळी अक्षरं छातीवर मिरवत रामबागेतून जायची मला लाज वाटते, आणि दुसरं म्हणजे ‘स्ट्रॅप अनयूज्ड’ असं जाहिरातीत लिहिता येतं. वापरायला आईच्या जुन्या माहेश्वरीचा काठ कॅनव्हासवर शिवून घेतलाय. बायका थांबून विचारतात कुठून घेतला म्हणून. आता तुम्ही म्हणाल की मग तुम्ही पण नटवलाच की कॅमेरा! तर नाही, पट्टा काढता येतो. दोन कड्या सरकवल्या की कॅमेरा पुन्हा कोराच्या कोरा. हाच तर मुद्दा आहे. भाचीलाही मी हेच सांगत होते की हौस करायची तर सुटी होणारी करावी, बाई. कातडी हाफ-केस घे, बटणावर बसतं ते लाल बोंडूक घे, स्किन लावायचीच तर अशी लाव की हेअर ड्रायरने गरम करून सोलली की निघेल, गोंद राहणार नाही. ती ऐकत होती की नाही देव जाणे, शेवेचा डबा शोधत होती.

काळ्या टेपबद्दल मात्र मी काही बोलू शकले नाही. ते मोठे फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँसुद्धा आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावायचे, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. हिच्या कॅमेऱ्याला चकचकीत काही नव्हतंच म्हणा, आणि लक्ष जाऊ नये म्हणून टेप लावायची आणि वर पोहे-जलेबी चिकटवायची, हे कसलं लॉजिक.

पण स्टिकर बघून खरं सांगायचं तर मला काकांचा कॅमेरा आठवला.

काकांकडे याशिका इलेक्ट्रो 35 होता. 1966 मध्ये निघालेलं मॉडेल, काकांकडे बऱ्याच नंतर आला, कुणाकडून तरी, कुणाच्या तरी ओळखीने, तेव्हा वस्तू अशाच यायच्या. तपकिरी चामड्याच्या केसमध्ये असायचा आणि ती केस उघडली की असा एक वास यायचा, तो मला अजून कुठे मिळालेला नाही. वर दोन दिवे, पिवळा आणि लाल. बटण अर्धं दाबलं आणि उजेड कमी असला की पिवळा लागायचा, म्हणजे शटर हळू चालणार, हात हलवू नका. आम्हा पोरांना फोटो काढायला मिळायचे नाहीत, रोल महाग, पण पिवळा दिवा लावून बघायला मिळायचा. माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत रांग लावून आम्ही पिवळा दिवा बघत असू.

काकांना वेड होतं अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं, म्हणजे कापड मिलांचे कामगार मिरवणुकीत काढतात त्या हलत्या देखाव्यांचं. रात्रभर. हुकमचंद मिलची, मालवा मिलची, राजकुमार मिलची, एकेक झांकी लायटिंगने झगमगत येणार, हत्ती सोंड हलवणार, गंगा शंकराच्या जटेतून उतरणार, आणि काका जेल रोडच्या कुठल्यातरी ओट्यावर श्वास रोखून उभे. रात्रीच्या फोटोसाठी तो याशिका म्हणजे बहार होता, शटर आपोआप पाहिजे तितका वेळ उघडं ठेवायचा, काका फक्त हलायचे नाहीत. पण गर्दी मरणाची, खिसे कापले जायचे, पट्टे कापले जायचे. म्हणून काकांनी ठरवलं की कॅमेऱ्यावर नाव घालून घ्यायचं.

ही कल्पना काही जगावेगळी नव्हती. अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांच्या बुडाला कितीदा तरी मालकाचं नाव नाहीतर सोशल सिक्युरिटी नंबर कोरलेला असतो, तिकडे पोलीसच सांगायचे कोरून ठेवा, चोरी झाली तर ओळख पटते. पण काकांना अमेरिका कुठून माहीत, काकांना बर्तन बाजार माहीत.

आजीला कुणाच्या तरी मुंजीत द्यायला स्टीलच्या वाट्या घ्यायच्या होत्या, मी शेपटासारखी मागे, काका कॅमेरा घेऊन. दुकानाबाहेर नावं घालणारा बसलेला, हातात तो विजेचा पेन, कर्रर्र कर्रर्र, एक वाटी झाली की फुंकर मारायची आणि दुसरी घ्यायची. वर बघतसुद्धा नव्हता तो. वाट्या संपल्या तशी काकांनी केसमधून कॅमेरा काढला, उलटा केला आणि म्हणाले, भैया, इसपे भी नाम डाल दो, नाम और नीचे इंदौर. त्याने वर न बघता कॅमेरा घेतला. कर्रर्र. फुंकर. आणि दिला.

‘सप्रेम भेंट’. त्याखाली काकांचं नाव. त्याखाली इंदौर. मुंजीची तारीख तेवढी टाकली नव्हती.

काकांचा चेहरा मला आजही दिसतो. क्रोमच्या खालून पितळ चमकत होतं, अक्षर मात्र सुरेख, सुवाच्य, वाट्यांपेक्षा चांगलं. तो माणूस म्हणतो, साहब, सब यही लिखवाते हैं. आणि आजी, जिने आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, ती पिशवी सावरत म्हणाली, असू दे रे, चोराला तरी कळेल कुणी दिलाय.

पुढे जो तो कॅमेरा उलटा करून विचारायचा, कुणी दिला हो भेट? सुरुवातीला काका सगळी हकीगत सांगायचे, मग कंटाळले आणि ‘सासऱ्यांनी’ म्हणायला लागले. हे काकूच्या वडिलांच्या कानावर गेलं, त्यांना ते इतकं आवडलं की तेही तसंच सांगायला लागले. काकूचं डोकं फिरायचं. काकांचे एक मित्र होते, फोटोचेच शौकीन, ते चिडवायचे की अरे, ते जुने नावाजलेले फोटोग्राफर लाला दीनदयाळ याच इंदूरात पीडब्ल्यूडीत नोकरी करता करता एवढे मोठे झाले, ते आपली सही आणि नंबर निगेटिव्हवर घालायचे, म्हणजे फोटोत उमटेल, तू गाढवा कॅमेऱ्याच्या बुडावर घातलंस!

नंतर कधीतरी नव्वदीत काकांनी तो विकायला काढला होता. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने उलटा केला, वाचलं, परत दिला. नाम वाला कौन लेगा साहब, और ऊपर से गिफ्ट का. म्हणून राहिला घरात. म्हणजे नावामुळे राहिला असंही नाही, नाव नसतं तरी फार काही मिळणार नव्हतं, तोवर घरोघरी ऑटोफोकसचे छोटे कॅमेरे आले होते.

आता गंमत बघा. 2022 मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या लिलावात एक लायका विकला गेला, 0-सिरीजमधला, म्हणजे अगदी सुरुवातीच्या चाचणीच्या कॅमेऱ्यांतला, नंबर 105. 1 कोटी 44 लाख युरो. त्याच्या व्ह्यूफाइंडरवर काय कोरलंय, तर मालकाचं नाव. अर्थात मालक ओस्कार बार्नाक, ज्यांनी लायका बनवला तेच, त्यामुळे गोष्ट वेगळी. आणि 2015 मध्ये लायकानेच लेनी क्रॅविट्झ या अमेरिकन गायकाच्या नावाने 125 सेट काढले होते, नवे कोरे, पण काळा रंग कोपऱ्या-कोपऱ्यांवर आधीच हाताने घासून खालचं पितळ दाखवलेलं, जणू वीस वर्षं कुणी वार्ताहर घेऊन हिंडलाय. म्हणजे ओरखडे मी पाडले तर भाव उतरणार आणि कारखान्यात पाडले तर चढणार. काकांचा कॅमेरा तर पितळ दाखवण्यात लायकाच्या कितीतरी आधी होता, पण ‘सप्रेम भेंट’ला वेट्झलारला कोण विचारतो.

आणि नुसतं वरून जपून तरी काय होतं. आत मीटर चालूच असतो. डी 750 चं शटर दीड लाख वेळा चालेल अशी कंपनीने चाचणी घेतलेली आहे, आणि निकॉनचं असं की किती वेळा दाबलं तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, गिऱ्हाईक एक फोटो मागतो आणि सगळं कळतं. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून माझी सिरपूर तलावावरची मजा गेली. टिबुकली बुडी मारते, वर येते, पिल्लू पाठीवर, बोट बटणावर, सेकंदाला साडेसहा फोटो, आणि डोक्यात तो पुढचा मालक म्हणतोय, मॅडम, जरा हळू. टिबुकली काय थांबते का. पावसाळ्यात तर वेगळाच जीव टांगणीला, फंगस लागेल म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, आणि ती सुंदर चामड्याची केस बाहेर, कारण चामडं ओल धरतं. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्यावर बाकीचे लोक प्लास्टिकच्या पिशव्या बांधून का होईना घुसतात, टँकरमधून रंग उडतोय, गुलालाचे ढग तीन-तीन मजले वर जातायत, आणि मी कुणाच्या तरी गच्चीवर, लांबची लेन्स लावून. गच्चीवरून काढलेला गेरचा फोटो हा गच्चीवरून काढलेला फोटो असतो बस, त्यात रंग आहे पण अंगाला लागत नाही.

एवढं करून मध्यंतरी मी भाव काढला. 2018 मध्ये निकॉनने झेड 6, झेड 7 आणले तेव्हाच माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, नवा केला होता, 1959 पासून चालत आलेला एफ माउंट हळूहळू मागे पडणार हे दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि कानावर येणं वेगळं. माझी डी-वाली 85 लेन्स, जिच्यात मोटर नाही, ती नव्या बॉडीवर अडॅप्टर लावूनही ऑटोफोकस करत नाही, म्हणजे तिलाही कोण विचारणार. दुकानातल्या मुलाने खोका बघितला, पट्टा बघितला, प्लास्टिक बघून तर हसलाच. म्हणाला, मैडम, मिंट है, एकदम मिंट, पर आजकल लेगा कौन? मला एम. जी. रोडवरचा तो दुकानदार आठवला. नाववाला घेऊन जा नाहीतर बिननावाचा, इंदूरात उत्तर एकच.

हे मी भाचीला सांगितलं नाही. तिला चहा दिला.

ती गेल्यावर काकांचा याशिका काढून बघितला. कपाटात वरच्या कप्प्यात, मलमलच्या फडक्यात. लेन्स साफ आहे, सगळ्यांनी त्याला जपलं, काका गेल्यावर काकूनेही, फडकं वर्षातून एकदा धुवायची ती. झांक्यांच्या निगेटिव्ह मात्र माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, कितीतरी पावसाळे, त्यांना काही भाव नव्हता आणि त्या कुणी मागितल्याही नाहीत. पट्ट्या एकमेकींना चिकटून वडी झालीय. उजेडात धरलं तर कुठे हत्तीची सोंड, कुठे नुसते दिवे. हुकमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, कामगारांनी त्यानंतरही, स्वतःचे पैसे अडकलेले असताना, झांकी काढायची सोडली नाही, आणि त्यातल्या मिल चालू असतानाच्या झांक्या या पट्ट्यांवर होत्या. बटर पेपरमध्ये ठेवलेला एक रोल तेवढा सुटा निघालाय. तो स्कॅन करून घ्यायचाय. जेल रोडवर दोन दुकानांत विचारलं तर मुलं निगेटिव्ह हातात धरून माझ्याकडेच बघत बसली, तेव्हा इंदूरात कुणी नीट करून देणारं माहीत असेल तर सांगा, पैसे काय होतील ते होतील.