बेसस राजा होता की नुसता मारेकरी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्राचीन इराणच्या हखामनी घराण्याची वंशावळ बघताना हा प्रश्न हमखास निघतो. काही पुस्तकांत यादी दारियस तिसरा याच्यावर, इ.स.पू. ३३० ला संपते. काहींत त्याच्याखाली आर्टाझर्क्सिस पाचवा दिसतो. हा पाचवा म्हणजे बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या प्रांताचा, क्षत्रप (सुभेदार) बेसस. (क्षत्रप हा शब्द आपल्याला नहपानाच्या लेखांतून, नाशिक-जुन्नरच्या लेण्यांतून ओळखीचा आहे, तो मूळचा याच इराणी कारभारातला.) मग त्याला राजा धरायचं की नाही?

माझं उत्तर असं की तो धन्याचा खुनी होता (अलेक्झांडरपासून पळणाऱ्या दारियस तिसऱ्याला त्याने साथीदारांसह धरलं आणि मारलं) आणि राजाही होता. राजा असल्याचा पुरावा एका शिध्याच्या हिशेबात आहे.

अफगाणिस्तानच्या उत्तरेकडून आलेले अरामी लिपीतले सुमारे ४८ लेख लंडनच्या खलीली संग्रहात आहेत. त्यातले ३० चामड्यावर लिहिलेले आहेत आणि १८ लाकडी पट्ट्यांवर. त्यातल्या एका लांबलचक चामडी यादीत कोठीतून काय काय दिलं ते ओळीने मांडलंय. मेंढ्या, कोंबड्या, पीठ असा सगळा प्रवासातला शिधा. हा शिधा ‘बायस’ नावाचा माणूस बाख्त्रीहून वार्नूला जाताना त्याच्यासाठी दिला, असं कारकून लिहितो. बाख्त्री म्हणजे आजचं बल्ख, आपल्या महाभारतातला बाल्हीक देश. वार्नू म्हणजे बहुधा ग्रीक ज्याला आओर्नोस म्हणत ते बॅक्ट्रियातलं ठाणं. तारीख आहे किस्लेव महिन्याची, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरातली, आणि वर्ष आहे आर्टाझर्क्सिस राजाचं पहिलं. बायस म्हणजे बेसस आणि साल इ.स.पू. ३३०, असं हे लेख वाचून छापणाऱ्या अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं.

त्या राज्यात कालगणना राजाच्या गादीवर बसण्यापासून चाले. तारीख घालायची तर राजा कोण, हे कारकुनाला आधी ठरवावंच लागे. बल्खच्या कोठीने ते ठरवलं होतं. ग्रीक वृत्तान्तही तेच सांगतात: बेससने राजवस्त्र चढवलं, मुकुट ताठ घातला आणि आर्टाझर्क्सिस हे नाव घेतलं. त्या मऊ टोपीवजा मुकुटाचं टोक ताठ ठेवायचा मान फक्त राजाचा. बाकी सरदारांनी ते दुमडूनच घालायचं. म्हणजे नाव, मुकुट, कोठी आणि कारकून, सगळं त्याच्याकडे होतं. तो तोतयाही नव्हता, कारण मी अमक्याचा मुलगा असं सोंग त्याने आणलं नाही.

मग वर्षभरातच बुडाला कसा? माझ्या मते एकाच निर्णयामुळे. अलेक्झांडर हिंदुकुश ओलांडून येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने पर्वताच्या उत्तरेकडचा मुलूख जाळून उजाड केला. बर्फ आणि उपासमार मिळून शत्रूला अडवतील, हा हिशेब. तो अर्धा बरोबर होता. इ.स.पू. ३२९ च्या वसंतात खिंड उतरताना अलेक्झांडरच्या सैन्याचे अन्नावाचून खरोखर हाल झाले, पण ते थांबलं नाही. आणि जाळलेला मुलूख कोणाचा होता? बेससजवळ सुमारे ७,००० बॅक्ट्रियन होते, त्यांचाच. एवढं करून तो न लढता ऑक्सस म्हणजे अमूदर्या ओलांडून सोग्दियात निघाला, तेव्हा बॅक्ट्रियन स्वार आपापल्या गावी निघून गेले. मला यात फितुरी दिसत नाही. जो राजा आपलं रान जाळून नदीपलीकडे पळतो त्याच्यामागे त्यांनी का जावं?

नावा त्याने जाळून टाकल्या. नदीचं पात्र सुमारे १ किलोमीटर, तळाला वाळू, पुलाला लाकूड नाही. अलेक्झांडरने तंबूंची कातडी गवताने ठासून भरली, शिवून घट्ट बंद केली आणि त्यांच्यावर तरंगत पाच दिवसांत सगळं सैन्य पार नेलं. तेवढ्यात स्पितामेनेस आणि दाताफेर्नेस या बेससच्याच साथीदारांनी त्याला धरलं. जे त्याने दारियसचं केलं, तेच.

गळ्यात लाकडी खोडा घालून, नग्नावस्थेत त्याला रस्त्याच्या कडेला उभं केलं, मग फटके मारले. पुढे नाक-कान कापून एक्बताना म्हणजे हमदानला मारायला पाठवलं. ही शिक्षा ग्रीकांची नव्हे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पहिल्या दारियसने बेहिस्तूनच्या शिलालेखात कोरून ठेवलंय की मीडिया या पश्चिम इराणातल्या प्रांताचं राजेपद बळकावणाऱ्या फ्रवर्तीशचं नाक, कान, जीभ कापली आणि एक्बतानात त्याला सुळावर दिलं. बंडखोर राजाला द्यायची इराणी शिक्षा अलेक्झांडरने त्याच शहरात दिली. नुसत्या मारेकऱ्यासाठी इतका खटाटोप कोणी करत नाही.

खलीलीच्या त्याच लेखसंग्रहात आणखी एक यादी आहे, अलेक्झांडरच्या सातव्या वर्षातली, जून ३२४ ची. मागे मोजत गेलं तर अलेक्झांडरचं पहिलं वर्ष ३३० ला पडतं. म्हणजे ज्या वर्षाला बल्खच्या कारकुनाने आर्टाझर्क्सिसचं पहिलं म्हटलं होतं, तेच वर्ष पुढे अलेक्झांडरचं पहिलं म्हणून मोजलं गेलं.