डबल ब्रेस्ट कोट शिवून घेताना आलेला माझा अनुभव

"सोमवारी या, ट्रायल देतो." हे वाक्य मी गणपती उठल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी ट्रायलसाठी हातात आला तो पूर्ण शिवलेला, इस्त्री मारलेला, काजंसुद्धा पाडलेला कोट. राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. सांगलीत कुणाला जुन्या पद्धतीचा कोट शिवायचा असेल तर त्याचे तरी तीन महिने वाचावेत.

हे वेड माझ्यात आलं ते आजोबांच्या कोटामुळे. ते विलिंग्डन कॉलेजात शिकवायचे. त्यांचा राखाडी डबल ब्रेस्ट कोट, म्हणजे समोरचे दोन्ही पदर एकमेकांवर येणारा, १९५६ साली शिवलेला, सहा बटणांचा. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि कोटाची ट्रंक चार दिवस पाण्याखाली राहिली. त्याच ट्रंकेत वडिलांचा रिसेप्शनचा सूटही होता, १९८९ चा. दोन्ही सावलीत वाळवले. वडिलांच्या कोटाच्या छातीवर पापडासारखे फुगे आले, ते इस्त्रीने गेले नाहीत. आजोबांचा कोट थोडा आटला, वास महिनाभर राहिला, पण छाती होती तशीच गोल.

कारण आतलं आहे. वडिलांच्या कोटात समोरच्या कापडाला आतून फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं कडक कापड, चिकटवलेलं होतं. गोंद सुटला की कापड फुगतं. आजोबांच्या कोटात मात्र घोड्याचे केस विणलेला कॅनव्हास होता आणि तो हाताने, सैल टाक्यांनी धरलेला होता. चिकटवलेलं काहीच नाही. लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी, चपटी दाबून बसत नाही, वरच्या बटणाकडे गोलाई घेत वळते, ती या कॅनव्हासमुळे आणि त्या टाक्यांमुळे.

भावाचं लग्न डिसेंबरात ठरलं तेव्हा मला तसाच कोट हवा होता. कापड मुंबईला मंगळदास मार्केटमधून आणलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री गेलो, दुसऱ्या रात्री परत. शुद्ध लोकर, दीडशे सेंटिमीटर पन्हा, चार मीटर. वेस्टकोटही करायचा होता आणि पँटला खाली दुमड हवी होती, म्हणून चार. कॅनव्हासही तिथूनच आणला. हे काम सोपं गेलं.

मग गावातलं एक मोठं दुकान गाठलं. नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी आजोबांचा कोट काउंटरवर ठेवून मी चार गोष्टी सांगितल्या: कॅनव्हास घालायचा, फ्युजिंग नको, लॅपल चार इंची, आणि कच्च्या शिलाईवर, म्हणजे नुसता टाचलेला कोट घालून, ट्रायल. "होतंय की, काय अडचण न्हाई," असं म्हणून ॲडव्हान्स घेतला. पावतीवर मात्र फक्त 'थ्री पीस' लिहिलं. इथे मी चुकलो. तुम्ही सगळं पावतीवर लिहून घ्या, लॅपलच्या इंचासकट.

दसऱ्याच्या आधी गेलो तर मास्टर गावाला. दसऱ्यानंतर शेरवान्यांची गर्दी. दिवाळीत कारागीर सुट्टीवर. प्रत्येक वेळी विश्रामबागहून गाडी काढायची, पार्किंग शोधायचं, काउंटरवरच्या मुलाने आत डोकावून यायचं आणि "सोमवारी या" म्हणायचं. एकदा मी विचारलं, कापड कापलं तरी आहे का? तर म्हणाला, "साहेब, टेन्शन घेऊ नका." पँटची दुमड पाहून त्याने "ही जुन्या माणसांची फॅशन" असंही ऐकवलं. ब्रिटनमध्ये १९४२ साली कापड वाचवायला सरकारने या दुमडीवर बंदी घातली, तेव्हा लोक मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडून घालायचे. इतकी ती त्यांना प्रिय होती.

ट्रायलला कोट घातला आणि हात वर केला, तर अख्खा कोट वर आला. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, फार खाली कापलेला. लॅपल पावणेतीन इंच. शेवटच्या काजाखाली कापड चिमटीत धरलं, बाहेरचा पदर एकीकडे आणि आतला दुसरीकडे ओढला. मध्ये कॅनव्हासचा तिसरा पदर सुटा हाताला लागला पाहिजे. नव्हता. बाहेरचा पदर पुठ्ठ्यासारखा कडक. माझा कॅनव्हास गुंडाळीसकट कपाटावर पडलेला होता. मास्टर म्हणाले, "आतलं कुणाला दिसतंय?"

काजं पाडल्यावर डबल ब्रेस्टमध्ये काही हलवता येत नाही, म्हणूनच कच्ची ट्रायल लागते. तेव्हा बाहीसुद्धा पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली असावी. शिवून तयार कोट दाखवला तर ती ट्रायल समजू नका.

मी भांडलो. पूर्ण शिलाई देऊन कोट, पँट, कॅनव्हास आणि उरलेलं कापड उचललं. उरलेलं कापड मागून घ्याच, तेवढ्यानेच मी वाचलो. वेस्टकोट अजून कापलेला नव्हता.

मिरजेत एक वयस्कर शिंपी घरीच काम करतात, शेजारच्या काकांनी पत्ता दिला. त्यांनी आजोबांचा कोट उलटा करून बाहीतून हात घातला, बोटांनी टाके चाचपले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वेस्टकोट सोडा. डबल ब्रेस्ट बंदच घालायचा असतो, आतला दिसत नाही. त्या कापडात समोरचे दोन्ही भाग नवे निघतील." आधी त्यांनी कॅनव्हास रात्रभर पाण्यात भिजवून वाळवला, म्हणजे नंतर आटून कापड ओढणार नाही. आठव्या दिवशी खरी ट्रायल, अठराव्या दिवशी कोट. लॅपल चार इंची, एका टाक्याचाही वळ बाहेर दिसत नाही. मुंढा पाठीकडून अजून अर्धा इंच खाली आहे. कमी कापलेला मुंढा पुढे खोल करता येतो, जास्त कापलेला भरून येत नाही. म्हणून माप देताना मुंढा वर ठेवायला आवर्जून सांगा.

पँट नाभीपर्यंत उंच आणि दोन चुण्यांची आहे, ती दुकानाने चांगली शिवली, हेही सांगायला हवं. आणि अस्तर अर्धंच घाला, आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी ऊन लागतं.

रिसेप्शनला वडिलांनी जवळ येऊन शेवटच्या काजाखाली कोट चिमटीत धरला आणि पदर सरकवून पाहिला. तिसरा हाताला लागल्यावर सोडला.

आजोबांचा आणि माझा, दोन्ही कोट आता वरच्या मजल्यावर असतात, रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सुती पिशवीत, कसर लागू नये म्हणून सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला.